औषधानं अंगावर उठलं तर आधी तारीख बघा

हे वाचताना घरातला औषधांचा डबा समोर घेऊन बसा. त्यात कात्रीनं कापलेले दोन-दोन गोळ्यांचे तुकडे निघतील. त्यांच्यावर ना पुरतं नाव असेल, ना तारीख. पिळून पिळून चपटी झालेली एखादी ट्यूब निघेल आणि ती कशासाठी आणली होती ते कुणालाच आठवणार नाही. बेळगावात औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला २२ वर्षं झाली. दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी येतं आणि म्हणतं, "अक्का, अंगावर लाल लाल उठलंय ओ, कायतरी द्या." मी विचारते, कुठली गोळी घेतली होती? "पांढरी. गोल." कधीपासून? "झाले असतील चार दिवस. का आठ..."

पांढऱ्या गोल गोळ्या माझ्या फळीवर शेकड्यांनी आहेत. आणि चार दिवस की आठ दिवस, यावरच बरंचसं निदान ठरतं.

आपल्या सीमाभागात ही अडचण जरा जास्तच आहे. तापाला गल्लीतला दवाखाना, गुडघ्यांसाठी मिरज, मोठं दुखणं निघालं तर बेळगावचं सरकारी नाहीतर खासगी मोठं इस्पितळ, आणि लेकीकडे गडहिंग्लजला गेल्यावर पोट बिघडलं तर तिथला डॉक्टर. चिठ्ठी इंग्रजीत, नर्सशी बोलणं कन्नडात, घरात मराठी. प्रत्येक डॉक्टरला फक्त स्वतःची चिठ्ठी दिसते. सगळा हिशेब एकाच माणसाला ठाऊक असू शकतो, तो म्हणजे तुम्हाला. नोकरीसाठी, लग्न होऊन किंवा शिक्षणासाठी तुम्ही इकडे नव्यानं आला असाल, किंवा घरातल्या म्हाताऱ्यांची नाहीतर तान्ह्याची औषधं बघायची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आली असेल, तर हा हिशेब कसा ठेवायचा आणि वेळ आली की तो कसा वापरायचा, ते सांगते.

पुरळ येण्याआधीची तयारी

नवीन औषध सुरू झालं की त्या दिवशीच्या चौकटीत कॅलेंडरवर औषधाचं नाव लिहा. स्वयंपाकघरात लटकलेलं कॅलेंडर यासाठी सगळ्यात चांगलं, कारण ते घरातल्या सगळ्यांना दिसतं. बंद केलं की त्याही दिवशी लिहा. सुई घेतली तर "सुई" एवढंच लिहून भागत नाही. कसली सुई ते विचारा आणि चिठ्ठीवर लिहून मागा. विचारण्यात काही गैर नाही, चांगला डॉक्टर सांगतो.

दुकानातून सुट्या गोळ्या घेताना बिल मागा. बिलावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर असतो. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत कंपनीनं दिलेलं नाव असतं आणि ते दुकानागणिक बदलतं. मूळ औषधाचं नाव मागं बारीक अक्षरांत असतं. आपल्याला तेच हवं. गावठी औषध, पुडी, काढा घेतला असेल तर तोही लिहा आणि पुडी उरली असेल तर टाकू नका. "ते आयुर्वेदिक आहे, त्यानं काय होणार" असं म्हणून लोक डॉक्टरला ते सांगतच नाहीत आणि चौकशी तिथंच चुकते.

उठल्यावर पहिल्या पाच मिनिटांत

आधी माणूस बघा, मग पुरळ. पुढचं काहीही दिसलं तर घरगुती उपाय, फोनवरचा सल्ला, माझं दुकान, सगळं सोडा आणि थेट इस्पितळ गाठा. गाडी नसेल तर १०८ लावा.

- ओठ, जीभ, पापण्या सुजल्या, आवाज घोगरा झाला, श्वास लागतोय, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येतेय.
- तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड आणि व्रण, अन्न-पाणी गिळवत नाही.
- खाजेपेक्षा कातडी दुखतेय, भाजल्यासारखी आग होतेय, फोड येतायत किंवा हात लावला की साल सुटतंय.
- पुरळाबरोबर चढा ताप, चेहरा सुजलेला, गळ्यात-काखेत गाठी, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी.

पहिल्या ओळीतला प्रकार सगळ्यात वेगानं वाढतो. सुईनंतर काही मिनिटांत, गोळीनंतर बहुधा तासा-दोन तासांत. अंगावर गांधी उठतात आणि त्याच वेळी श्वास किंवा रक्तदाब ढासळतो. यावरचं खरं औषध म्हणजे मांडीत दिली जाणारी ॲड्रेनॅलिनची सुई. ती डॉक्टर देतात आणि ती जितकी लवकर मिळेल तितकं बरं. ॲलर्जीची साधी गोळी हे तिचं काम करू शकत नाही. इस्पितळात पोचेपर्यंत माणसाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवा. एकदम उठवून चालवू नका आणि तोंडात पाणीही घालू नका. बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणायची घाई नको. काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो, म्हणून डॉक्टर थांबवून घेतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांतून पावसाळ्यात रस्ता काढायला वेळ लागतो, तेव्हा तिथल्या लोकांनी "थोडं थांबून बघू" हा विचारच करू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲड्रेनॅलिन मिळू शकतं, आधी तिथं जा.

रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल, त्यांनी ओठ-जीभ सुजण्याचा प्रकार वेगळा असतो. खाज नसते, गांधी नसतात, आणि गोळी सुरू करून महिने-वर्षं झाल्यावरही तो होऊ शकतो. "ही तर जुनी गोळी आहे" म्हणून तिच्यावरचा संशय सोडू नका.

आता दिवस मोजा

धोक्याची खूण नसेल तर कॅलेंडरपाशी या. औषध कुठल्या तारखेला सुरू झालं आणि पुरळ कुठल्या तारखेला दिसलं, या दोन चौकटींमधलं अंतर मोजा.

काही तासांत उठून, जागा बदलत, एका ठिकाणची गांध २४ तासांच्या आत मावळत असेल, तर आपण ज्याला अंगावर पित्त उठणं म्हणतो तो हा प्रकार. घरोघरी आमसुलाचं पाणी लावतात. थंडावा मिळतो, लावायला हरकत नाही. पण ते लावत बसल्यानं ओठांची सूज नजरेतून सुटता कामा नये. दुखण्याच्या गोळ्या आणि पेनिसिलीन घराण्यातली औषधं याला नेहमीची कारणं.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून साधारण दोन आठवड्यांपर्यंत छाती-पाठीवर बारीक लाल पुरळ, मग हातापायांवर, दोन्ही बाजूंना सारखं. औषधानं येणारं सगळ्यात जास्त आढळणारं पुरळ हेच. अमॉक्सिसिलिन, सल्फाची औषधं, फिटच्या गोळ्या ही नेहमीची मंडळी. तेच औषध पूर्वी एकदा घेऊन पुरळ आलं असेल तर पुढच्या वेळी एक-तीन दिवसांतच येतं. बहुतेक वेळा औषध बंद केल्यावर एक-दोन आठवड्यांत कातडीचा कोंडा सुटून जातं. आपल्या सावळ्या अंगावर लाली स्पष्ट दिसत नाही, जांभळट-काळपट दिसते. म्हणून ट्यूबलाईटखाली बघू नका. खिडकीशी नाहीतर अंगणात उजेडात बघा, आणि फोटो तिथंच काढा.

ऊन लागलेल्या भागावरच, म्हणजे चेहरा, गळ्याचा त्रिकोण, हात एवढ्यावरच उठलं असेल तर डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबाचं हायड्रोक्लोरोथायझाइड, काही अँटिबायोटिक यांचा विचार करावा लागतो.

एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारा डाग

यावर मी जरा जास्त लिहिते, कारण आपल्याकडे हा फार आढळतो आणि फार चुकतो.

माझी आत्या कडोलीची. तिच्या खालच्या ओठावर, डाव्या बाजूला, वर्षातून एक-दोनदा एक गोल चट्टा यायचा. आधी चुरचुर, मग जांभळा गोल, मधे फोड, आणि गेल्यावर राखाडी-काळा डाग. दरवेळी डाग थोडा गडद व्हायचा. घरात सगळ्यांचं एकमत होतं, रात्री ओठावरून कोळी फिरला असणार. कुणी उष्णता म्हणालं, तर तिनं सहा महिने सब्जाचं पाणी प्यायलं. नंतर उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यातही तसाच एक चट्टा उठला, आणि मग तिला भीती वाटायला लागली.

मी तिची औषधं मांडून बसले. बेळगावचं एक पाकीट, गडहिंग्लजचं एक. पुढची नावं वेगळी, रंग वेगळा. मागची बारीक अक्षरं वाचली तर दोन्हींत टिनिडॅझोल. पोट बिघडलं की आत्या जी गोळी घ्यायची ती आणि ओठ, यांची जोडी १५ वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण जुलाब थांबले की गोळीही विसरली जायची आणि ओठ दुसऱ्या दिवशी चुरचुरायचा. पुढं त्वचारोगतज्ज्ञांनीही त्याच औषधावर बोट ठेवलं.

या प्रकारात शरीर जागा लक्षात ठेवतं. त्या ठिकाणच्या कातडीत पांढऱ्या पेशी ठाण मांडून राहतात आणि तेच औषध पुन्हा पोटात गेलं की काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, बरोबर तिथंच हल्ला करतात. ओठ, हात-पाय आणि गुप्तांग या आवडत्या जागा. गुप्तांगावर आला की माणसं लाजतात, नवरा-बायकोत नको ते संशय सुरू होतात, आणि कारण मात्र जुलाबाची किंवा दातदुखीची गोळी असते. हे मी काउंटरवर हलक्या आवाजात कितीतरी जणांना समजावलं आहे. भारतात याची नेहमीची कारणं म्हणजे मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल, ऑर्निडॅझोल हे एक घराणं, नॉरफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं, सल्फाचं कोट्रायमॉक्सॅझोल, आणि डायक्लोफिनॅक, निमेसुलाइडसारख्या दुखण्याच्या गोळ्या. पॅरासिटामॉलनंही होतो. पोटाच्या गोळीत पहिल्या दोन घराण्यांतलं एकेक औषध एकत्र घातलेलं असतं, त्यामुळे दोषी कोण ते डॉक्टरलाच ठरवू द्या. एका घराण्यातल्या औषधानं झालं तर त्याच्या भावंडांपासूनही जपावं लागतं.

चट्टे पुष्कळ वाढले, अंगभर फोड आले तर हा प्रकारही गंभीर होतो. तेव्हा घरी थांबायचं नाही.

उशिरा येणारे, पण सगळ्यात जड

चौथ्या दिवसापासून चार आठवड्यांपर्यंत, कधी आठव्या आठवड्यापर्यंत, ताप, अंगदुखी, डोळ्यांची जळजळ, आणि मग जांभळे दुखरे चट्टे, फोड, तोंडभर व्रण. स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९२२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव पडलं. शरीराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली तर हे नाव, ३० टक्क्यांच्या वर गेली तर त्याहून भयंकर रूप, ज्याला लायेल यांचं नाव आहे. या दुसऱ्या रूपात तीन-चार रुग्णांमागे एक दगावू शकतो. भाजलेल्या रुग्णासारखी शुश्रूषा लागते, डोळ्यांचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून लागतात, नाहीतर दृष्टीवर कायमचा परिणाम राहतो.

सुरुवात साध्या तापासारखी असते, यात फसगत होते. ताप आला म्हणून आणखी गोळ्या घेतल्या जातात, मग दोष त्या नव्या गोळ्यांवर जातो आणि तीन आठवड्यांपूर्वी सुरू केलेलं खरं औषध चालूच राहतं. इथं कॅलेंडर जीव वाचवतं. जितकं लवकर दोषी औषध बंद, तितकी वाचण्याची शक्यता जास्त.

नावं पाठ करा. फिटसाठी दिली जाणारी कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं, आणि पिरॉक्सिकॅमसारख्या काही दुखण्याच्या गोळ्या. कार्बामॅझेपिन चेहऱ्याच्या शिरेच्या कळांसाठीही देतात, तेव्हा "आमच्याकडे कुणाला फिट नाही" म्हणून निर्धास्त राहू नका. आशियातल्या काही लोकांत एका ठरावीक जनुकामुळे कार्बामॅझेपिनचा हा धोका वाढतो, आणि त्याची रक्ततपासणी होते. मोठ्या इस्पितळात औषध सुरू करताना तिच्याबद्दल विचारा. ॲलोप्युरिनॉलबद्दल माझं स्पष्ट मत आहे. सांधा कधीच सुजलेला नाही, फक्त तपासणीच्या कागदावर आकडा वाढलेला दिसला, म्हणून शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नका. किडनी कमजोर असेल तर धोका आणखी वाढतो. डॉक्टरांनी दिली तर ते थोड्या मात्रेनं सुरू करतात, आणि पहिले दोन महिने अंगावर लक्ष ठेवायचं असतं.

दुसरा उशिराचा प्रकार दोन ते आठ आठवड्यांनी येतो. चेहरा फुगतो, गाठी येतात, पुरळ अंगभर पसरतं आणि आत लिव्हरला सूज. कारणं बरीचशी हीच, शिवाय कुष्ठरोगाच्या औषधांतलं डॅपसोन. औषध बंद केल्यावरही हे आठवडे-आठवडे रेंगाळतं, म्हणून रक्ततपासण्या सोडू नका.

औषध बंद करायचं का?

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. तोंडात व्रण, फोड, कातडी दुखणं किंवा चेहऱ्याची सूज असेल तर संशयित औषधाचा पुढचा डोस घेऊच नका आणि त्याच तासाला निघा. साधं पुरळ असेल तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरला गाठा. फिटची, हृदयाची, टीबीची औषधं मनानं सोडून घरी बसणं वेगळ्या संकटाला बोलावणं आहे. फिटची गोळी अचानक सुटली तर झटका येतो. टीबीच्या औषधांनी खाज आली तर ज्या केंद्रातून औषध मिळतं तिथं त्याच दिवशी सांगा, ते एकेक करून औषध ओळखतात.

पुरळावर ट्यूब मागायला येणाऱ्यांना मी हात जोडून परत पाठवते. बेटामेथासोन, क्लोबेटासोल असलेली मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय वापरायची नसतात. त्यांनी लाली दबते आणि डॉक्टरला खरं रूप दिसत नाही. जखमेवर लावायच्या काही मलमांनीच, निओमायसिन किंवा नायट्रोफ्युराझोन असलेल्या, कित्येकांची कातडी आणखी चिघळते. घरी करायचं ते एवढंच: सैल सुती कपडे, साधं खोबरेल तेल, गार पाण्याची घडी, नखं कापणं. फोड फोडू नका.

आणि प्रत्येक पुरळ औषधाचंच असतं असंही नाही. बांधावर काँग्रेस गवत उपटणाऱ्याचा चेहरा, मान, कोपराची लवण खाजून जाड होते, त्याचं कारण ते गवत. सांध्याला बिब्बा लावला असेल तर मधे काळा ओरखडा आणि भोवती फोड दिसतात. खानापूर-चंदगडकडे काजूची टरफलं हाताळणाऱ्यांच्या हातांना त्या तेलानं असंच होतं; बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. पावसाळ्यात तापाबरोबर पुरळ म्हटलं की डेंग्यूही मनात धरा आणि अशा तापात पॅरासिटामॉलखेरीज दुखण्याची दुसरी गोळी मनानं घेऊ नका. लहान मुलांना विषाणूच्या तापानंच पुरळ येतं, तेवढ्यात अमॉक्सिसिलिन चालू असतं आणि मुलाच्या कपाळी जन्मभरासाठी "पेनिसिलीनची ॲलर्जी" लिहिली जाते. असा शिक्का असलेल्या दहांतल्या नऊ जणांना तपासल्यावर ॲलर्जी नसल्याचं निघतं. म्हणून "ॲलर्जी आहे" एवढं न लिहिता, काय झालं आणि कितव्या दिवशी, ते लिहा.

बाळाची लस

महाराष्ट्रातून आलेल्यांना इथं लसीकरणाला गेलं की "तायी कार्ड" मागतात. तायी म्हणजे कन्नडमध्ये आई. गरोदरपणापासूनच्या नोंदींचं ते कार्ड. ते सांभाळा, लस कुठल्या तारखेला, कुठल्या हातात की मांडीत दिली ते त्यात बघून घ्या, कारण इथंही दिवस मोजायचे असतात.

लस दिल्यावर अर्धा तास तिथंच बसा. गंभीर ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखादी, इतकी विरळ, पण झाली तर बहुधा याच वेळात होते आणि उपचार तिथंच हाताशी असतो. बसची वेळ झाली म्हणून उठू नका.

जन्मानंतर डाव्या दंडावर दिलेली बीसीजी, म्हणजे टीबीची लस, पहिल्या दिवशी शांत असते. दोन ते सहा आठवड्यांत तिथं पुळी येते, पिकते, फुटते, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत बारीक वण राहतो. पहिलटकरीण घाबरते ती इथंच, कारण लस देऊन महिना झालेला असतो. हे व्हायचंच असतं. हळद, चुना, मलम काही लावू नका, दाबू नका, अंघोळ घालून टिपून कोरडं करा. काखेत मोठी गाठ आली किंवा पू वाहायचा थांबेना, तर दाखवा. वण उठला नाही म्हणून पुन्हा लस द्यावी लागत नाही.

सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसींनंतर मांडी लाल, गरम, दुखरी होते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. गार ओली घडी ठेवा. शेक नको, चोळणं नको. दुखत नसलेली सुपारीएवढी गाठ काही आठवडे राहू शकते, विरघळते. दीड वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या बूस्टरला पुष्कळ सूज येऊ शकते, तीही उतरते. लाली तिसऱ्या दिवसानंतर वाढतच चालली, ताप टिकला किंवा पू झाला तर डॉक्टर हवा.

गोवर-रुबेलाच्या लसीनंतर आठवड्याभरानं, साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी, काही मुलांना ताप येऊन फिकट पुरळ उठतं. "लस दिली आणि गोवरच आला" असं म्हातारी माणसं म्हणतात. तो गोवर नव्हे. लसीतल्या दुबळ्या विषाणूला शरीर ओळखतंय त्याची ती खूण. दोन-तीन दिवसांत जातं आणि दुसऱ्या मुलांना लागत नाही. पुरळ अगदी दुसऱ्याच दिवशी आलं असेल तर मात्र कारण दुसरं शोधायला हवं.

आजी-आजोबांच्या दंडावरचा खोल गोल वण देवीच्या लसीचा. ती लस एके काळी आपल्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोतच तयार व्हायची. त्या वणामागं काय होतं हे घरातल्या नव्या आईला सांगा, बाळाच्या पुळीची भीती कमी होते.

लसीनंतर काही वेगळं वाटलं तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राच्या नर्सला त्याच दिवशी सांगा. त्यांना ते वर कळवावं लागतं, ती ठरलेली पद्धत आहे. तुम्ही सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कसं?

कन्नडात कसं सांगायचं

घाबरल्यावर भाषा सुचत नाही, म्हणून ही दोन वाक्यं आणि थोडे शब्द आधीच तोंडात बसवा. "ई गुळिगे तगोंड मेले मैमेले गुळ्ळे बंदाव" म्हणजे ही गोळी घेतल्यावर अंगावर पुळ्या आल्या. खाजेला तुरिके, आगीला उरि, सुजेला बावु, तोंडातल्या व्रणांना बायि हुण्णु, श्वासाच्या त्रासाला उसिराट तोंदरे. लसीला लसिके, तापाला ज्वर. हे दोन तर आपलेच. आणि सगळ्यात कामाचं: "ननग ई औषध आगंगिल्ला", मला हे औषध चालत नाही.

तोडकंमोडकं बोललात तरी समोरचा माणूस जवळ येऊन ऐकतो. इथल्या नर्सना मराठीही बरंच येतं.

कळवायचं कुठं

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा देशव्यापी कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. डॉक्टर, दुकानदार आणि रुग्ण, कुणीही कळवू शकतं. फुकट फोन १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी आणि कामाच्या वेळेत. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीत आहे, कन्नडातही आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या इस्पितळांत यासाठी नोंद केंद्रं असतात, भरती असाल तर तिथंच विचारा. औषधाचं मूळ नाव, बॅच नंबर, सुरू केल्याची आणि पुरळाची तारीख, एवढं लागतं; म्हणजे तुमच्या कॅलेंडरवर आणि बिलावर जे आहे तेच. खात्री नसली, नुसता संशय असला, तरी कळवता येतं.

खिशातला कागद

शेवटचं काम. डॉक्टरांनी दोषी औषध ठरवलं की त्यांच्याकडून किंवा दुकानदाराकडून ते इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, खाली मराठीत आणि कन्नडात. आधार कार्डाच्या मागं ठेवा. आत्याच्या कागदावर असं आहे: टिनिडॅझोल. गोळीनंतर दुसऱ्या दिवशी ओठावर व उजव्या हातावर जांभळा चट्टा, अनेक वेळा. मेट्रोनिडॅझोल, ऑर्निडॅझोल यांपासूनही जपावं. तारीख, डॉक्टरांची सही.

मागच्या वर्षी तिची दाढ काढली. दाताच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर मेट्रोनिडॅझोल लिहिलं होतं. आत्याला वाचता येत नाही, पण तिनं आधी कागद पुढं सरकवला आणि त्यांनी ती ओळ खोडून दुसरं औषध दिलं. कागदाच्या तीन प्रती आहेत: एक तिच्या बटव्यात, एक माझ्या दुकानात, एक लेकीकडे गडहिंग्लजला, फ्रिजवर चिकटवलेली.